वचन आणि वहीम

शंभराची नोट मधोमध कापायची, अर्धा तुकडा आजच्या टपालाने धाडायचा आणि तो पोचल्याचं उत्तर आलं की मग उरलेला अर्धा पाठवायचा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या पेढ्यांची ही सर्रास रीत होती. वाटेत टपाल लुटलं गेलं तरी लुटारूंच्या हाती अर्धीच नोट लागे, आणि अर्ध्या नोटेला बाजारात कोणी विचारत नसे. नोटेवर क्रमांक दोन ठिकाणी छापलेला असे तो अशा वेळी उपयोगी पडे. डाव्या तुकड्यावरचा आकडा उजव्या तुकड्यावरच्या आकड्याशी जुळला की तुकडे चिकटवून नोट वटवायला मोकळे. जोडीदार कधीच न सापडलेली अशी अर्धुकं संग्राहकांच्या वह्यांत आजही दिसतात.

नोट म्हणजे सरकारचं वचन, असं आपण म्हणतो, आणि नोटेवर तसं छापलेलंही असतं. पण आपल्या नोटांवरच्या या पुस्तकातली चित्रं ओळीने पाहत गेल्यावर माझं मत असं झालं, की आपल्या नोटांचं रूप वचनाने कमी आणि वहीमाने जास्त घडवलं. खोटी नोट छापणाऱ्यावर सरकारचा वहीम, कागदाच्या मोबदल्यात खणखणीत रुपया मिळेल की नाही असा लोकांना सरकारबद्दल वहीम, आणि टपालावर दोघांचाही. राजाचं डोकं, वाघ, धरण, लेणी ही चित्रं दर्शनी भागात आली. पण रेघा, रंग, भाषा, आकडे यांतला जवळजवळ प्रत्येक बदल कुणाच्या तरी शंकेला दिलेलं उत्तर आहे.

सुरुवातीच्या नोटा सरकारच्या नव्हत्याच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात बँक ऑफ हिंदोस्तानसारख्या खासगी बँकांनी नोटा काढल्या. पुढे बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका आल्या. बँक ऑफ बेंगॉलच्या नोटेवर बंदराकाठी बसलेली ‘व्यापार’ नावाची एक बाई असे. १८४० साली सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेने मात्र आपल्या नोटेसाठी गावातलीच चित्रं निवडली: टाउन हॉल, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम हे मुंबईचे दोन माजी गव्हर्नर. टाउन हॉल म्हणजे आजची एशियाटिक सोसायटीची इमारत, आणि तिथे या दोघांचे पुतळे अजून उभे आहेत. त्या पायऱ्यांवर चहा पीत बसणाऱ्या मंडळींना ही इमारत एकेकाळी नोटेवर होती हे सांगितलं तर बहुतेकांना नवल वाटेल.

१८५७ नंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली आणि लंडनहून जेम्स विल्सन यांना हिंदुस्थानचे पहिले अर्थसदस्य म्हणून पाठवण्यात आलं. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे हेच संस्थापक. सरकारी नोटांची योजना त्यांनी मांडली, पण वर्षभरातच, ऑगस्ट १८६० मध्ये, आमांशाने कलकत्त्यात त्यांचा अंत झाला. कायदा झाला तो त्यांच्यामागून आलेल्या सॅम्युअल लेंग यांच्या कारकिर्दीत, १८६१ साली. तेव्हा नोटा काढण्याचा हक्क फक्त सरकारचा झाला.

पहिल्या मालिकेवर कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणीचं छोटं चित्र, दोन देशी भाषांतली ओळ, मागची बाजू कोरी. आज ती नोट पाहिली तर एखादी रुबाबदार पावती वाटते. कागद हाताने साच्यात ओतलेला, त्यात नागमोडी रेघांचा वॉटरमार्क, आणि सगळी भिस्त त्या कागदावर. ती पुरली नाही. खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला आणि १८६७ मध्ये मालिका बदलावी लागली. राणी गेली, तिच्या जागी रंगीत पार्श्वछपाई आणि गुंतागुंतीच्या वेलबुट्टीसारख्या रेघांची जाळी आली. खोटी नोट काढणाऱ्याला चेहरा सोपा जातो आणि न तुटणारी, स्वतःभोवती फिरत राहणारी रेघ अवघड, हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं झालं. पुढची पन्नासएक वर्षं या नोटांवर कोणाचाही चेहरा नव्हता, फक्त भाषा होत्या: आधी चार, मग आठ.

या नोटांचं आणखी एक वैशिष्ट्य आज अजब वाटेल. नोट देशभर चालतच नसे. देशाची चलनमंडळं पाडलेली होती आणि नोटेवर आपल्या मंडळाचं नाव छापलेलं असे. हक्काने रुपये मागायचे तर ते तिथेच. कलकत्त्याची नोट मुंबईत बदलायची म्हणजे सराफाला बट्टा देणं आलं. मोठ्या मंडळांखाली उपमंडळं होती, त्यांत आपली दोन नावं आहेत, नागपूर आणि अकोला. नागपूरचं समजू शकतो, पण अकोला? उत्तर कापसात असावं. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याचं नाव छापलेली नोट आज हाती लागणं म्हणजे संग्राहकाची लॉटरीच. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये, दहा आणि पन्नासाच्या १९१० मध्ये आणि शंभराची १९११ मध्ये (पाचाच्या बाबतीत ब्रह्मदेश तेवढा सोडून) देशभर चालती झाली. म्हणजे हिंदुस्थान नोटेपुरता एक व्हायला पन्नास वर्षं लागली.

तरीही साध्या माणसाच्या हाती नोट क्वचितच येई. त्याचा पैसा म्हणजे कलदार: एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया, दगडावर आपटून नाद ऐकून घ्यायचा. नोट त्याच्या घरात शिरली ती पहिल्या महायुद्धामुळे. चांदी महागली, टांकसाळींना पुरेना आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही आली, म्हणजे तेव्हाच्या भाषेत दोन रुपये आठ आणे. एकच्या नोटेवर पंचम जॉर्जचं चित्र होतं तेही नाण्याच्या रूपात. कागदावर चक्क नाण्याचं चित्र छापून ‘हा रुपयाच आहे हो’ अशी लोकांची समजूत घालण्याचा तो प्रयत्न मला फार बोलका वाटतो. समजूत काही पटली नाही. १९१८ मध्ये लोक नोटा घेऊन चलन कचेऱ्यांपुढे रांगा लावू लागले आणि सरकारी चांदीचा साठा संपत आला. शेवटी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी जहाजांनी इकडे आली. आपल्या आजोबा-पणजोबांचा कागदावर विश्वास नव्हता म्हणून अमेरिकेची नाणी भट्टीत गेली! या छोट्या नोटा १९२६ च्या पहिल्या दिवसापासून बंद झाल्या, आणि अडीच रुपयांची नोट आज शौकिनांच्या स्वप्नात येते.

राजाचा चेहरा एकदा आला तो मात्र टिकला. १९२३ पासून मोठ्या नोटांवरही पंचम जॉर्ज दिसू लागला. या नोटा बँक ऑफ इंग्लंड छापून देत असे. १९२८ मध्ये ते काम नाशिकला सुरू झालं आणि काही वर्षांतच सगळ्या किमतींच्या नोटा तिथूनच निघू लागल्या. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ एवढंच सांगितलं की पुरतं, कुठल्या प्रेसमध्ये हे कोणी विचारत नाही.

या पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला भाग यापुढचा आहे, कारण त्यात मराठी मुलखाच्या दोन कडा येतात. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे उस्मानिया सिक्का चाले. तोच हाली; इंग्रजी राज्यातला तो कलदार. हद्द ओलांडली की हिशेब बदलायचा. महायुद्धाच्या त्याच चांदीटंचाईत हैदराबादने १९१८ मध्ये कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. सुरुवातीला त्या विलायतेत छापल्या जात, पुढे नाशिकलाच. उर्दूच्या जोडीला त्यांवर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत लिहिलेली असे. दरबारची भाषा उर्दू, पण रयतेला पैसे मोजायचे होते तिच्या भाषेत, आणि तिथे निजामालाही तडजोड करावी लागली.

दुसरी कड गोव्याची. पोर्तुगीज सरकारच्या इथल्या नोटा साधारण १८८३ पासूनच्या. त्या ‘रुपिया’त होत्या आणि त्यांवर पोर्तुगालच्या राजाचं चित्र असे. १९०६ मध्ये हे काम बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो या बँकेकडे गेलं, १९१७ मध्ये चार टांगा, आठ टांगा अशा सुट्ट्या नोटा आल्या. या बँकेच्या नोटांवर देवळं आहेत, वाघ आहेत, हरणं आहेत. लिस्बनमध्ये बसून कल्पिलेलं हिंदुस्थान. १९५९ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो आला आणि नोटांच्या किमती ठरल्या ३०, ६०, १००, ३००, ६००, १०००. कोणत्या देशात साठाची नोट असते? पण हिशेब साधा होता. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया, म्हणून ३० म्हणजे पाच, ६० म्हणजे दहा, ३०० म्हणजे पन्नास. नावं पोर्तुगालची आणि मोजणी जुनीच, रुपयाची. या नोटांवर त्यांनी आफोंसो द आल्बुकर्कचं चित्र घातलं. सोळाव्या शतकात गोवा जिंकणाऱ्या त्या माणसाला उजेडात आणायला त्यांना १९५९ चाच मुहूर्त सापडला. दोनच वर्षांत, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली, पण तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली. त्यामुळे पहिले गव्हर्नर ऑसबर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. पहिली सही दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांची. त्यांच्यानंतर १९४३ मध्ये आले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. सह्यांच्या बाबतीत आपल्याकडची आणखी दोन नावं गमतीची आहेत. के. जी. आंबेगावकर १९५७ च्या सुरुवातीला जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्या हुद्द्यावरची त्यांची सही कुठल्याच नोटेवर नाही. पण त्याआधी वित्त सचिव असताना एक रुपयाच्या नोटांवर ती झळकली, कारण एकची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, थेट भारत सरकारची असते. १९७० मध्ये बी. एन. आदरकर गव्हर्नर होते तेही सहाच आठवडे. मनमोहन सिंग यांच्या सह्या मात्र एकच्या नोटेवर आणि रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर, दोन्हीकडे आहेत.

देशमुखांच्या काळातलं युद्ध नोटेवर उमटलं ते वेगळ्याच तऱ्हेने. जपानी आपल्या नोटांच्या उत्तम नकला करू लागले, तेव्हा वॉटरमार्कमधल्या सहाव्या जॉर्जने मान वळवली. एका बाजूने दिसणारा राजा समोरून पाहू लागला, आणि भारतीय नोटेत सुरक्षा धागा पहिल्यांदा ओवला गेला. आज आपण नोट उजेडात धरून जो धागा शोधतो, त्याची सुरुवात तिथली.

स्वातंत्र्य आलं तेव्हा नोट मागे राहिली. दोन वर्षं राजाच्याच नोटा चालल्या. पाकिस्तानला तर स्वतःचा छापखानाही नव्हता. १९४८ मध्ये तिथल्या लोकांच्या हाती आल्या त्या नाशिकच्याच नोटा, फक्त इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव वरून छापलेल्या. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्या चलनाचा कारभार रिझर्व्ह बँकच पाहत होती. फाळणीवरच्या ग्रंथांत ही गोष्ट क्वचितच येते, पण त्या एका नोटेत मला फाळणीची सगळी घाई दिसते.

राजाच्या जागी कोण, हा प्रश्न दिल्लीत निघाला तेव्हा पहिलं नाव गांधीजींचं होतं. त्यांच्या चित्राचे नमुनेही तयार झाले होते. अखेर मत सारनाथच्या सिंहशीर्षाच्या बाजूने पडलं आणि १९४९ ची एक रुपयाची नोट त्याच चिन्हाने निघाली. ही निवड मला आजही शहाणपणाची वाटते. नुकत्याच उठून गेलेल्या राजाच्या खुर्चीवर लगेच दुसऱ्या माणसाला बसवायचं नाही, मग तो गांधींसारखा का असेना, ही जाण त्या निर्णयात आहे. बाकी आराखडा जवळजवळ जुनाच राहिला. दहाच्या नोटेवर शिडाचं गलबत, शंभरावर हत्ती. १९५४ मध्ये मोठ्या नोटा परत आल्या तेव्हा हजाराच्या नोटेवर तंजावरचं बृहदीश्वर मंदिर आलं आणि पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया. आता गेटवे बांधला तो पंचम जॉर्जच्या १९११ मधल्या आगमनाची आठवण म्हणून, आणि नोटेवर पहिल्यांदा छापलेला राजाही तोच. राजाला पुढच्या दाराने घालवून त्याचं स्वागतद्वार मागच्या दाराने आत घेतलं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजार या तिन्ही नोटा रद्द झाल्या. मोठ्या नोटा रद्द करण्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९४६ चा. म्हणजे नोव्हेंबर २०१६ ला आपण रांगांत उभे होतो ती या देशातली तिसरी खेप होती.

मधल्या काळातलं एक प्रकरण थोडक्यात. आखाती देशांत तेव्हा आपलाच रुपया चाले, आणि त्याच्या जोरावर तिकडचं सोनं चोरवाटेने इकडे येई. त्याला आळा म्हणून १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. शंभराची नोट हिरवी, दहाची लाल, पाचाची नारिंगी. हजला जाणाऱ्यांसाठीही दहाच्या आणि शंभराच्या खास नोटा निघाल्या. वहीमाचा इतका उघड रंग दुसऱ्या कुठल्या नोटेला क्वचितच असेल.

गांधीजी पहिल्यांदा आले ते १९६९ च्या जन्मशताब्दीच्या नोटांवर, आणि कसे, तर बसलेले, वाचत असलेले, मागे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा आश्रम. ते चित्र एका माणसाचं आहे. १९८७ च्या पाचशेच्या नोटेपासून आणि १९९६ नंतर रिझर्व्ह बँकेच्या सगळ्याच नोटांवर आपण जे गांधी पाहतो ते निराळे. तो चेहरा १९४६ च्या एका फोटोतला आहे. शेजारी उभे ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स कापून टाकले, गांधीजींचं हसू ठेवलं आणि चेहरा आरशातल्यासारखा उलटा केला. एकच चेहरा सगळ्या किमतींवर आल्याने दर्शनी बाजूवर नोट ओळखायची खूण रंग आणि आकडा एवढीच उरली, हा तोटा मात्र कुणी फारसा बोलून दाखवत नाही.

शिवाय नोट डोळ्यांनीच पाहायची असते असं नाही. १९९६ च्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. दृष्टिहीन माणसाला बोटांनी तो सेंटिमीटर कळत असे. आता शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक घाईच्या बाजारात बोटाला कसा कळावा? त्रिकोण, गोल अशा उठावाच्या खुणा आहेत, पण दोन-तीन महिने हाताळली की नोटेचा उठाव बसतो. अखेर जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून बोलणारं मोबाइल ॲप काढलं. सुरक्षेसाठी इतकं डोकं चालवणाऱ्या यंत्रणेला हे आधी सुचायला हवं होतं.

नव्या मालिकेतली वारसास्थळं (दोनशेवर सांची, शंभरावर राणी की वाव, पन्नासावर हंपी, विसावर आपलं वेरूळ) सुबक आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. देवनागरी आकडेही परत आले, त्यावरून वादही झाले. पण भिंग घेऊन बसायचं असेल तर मी वाचकाला मागे, १९८० च्या आसपासच्या नोटांकडे जायला सांगेन. दोनच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह, पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर, शंभरावर हिराकूड धरण, आणि एकच्या नोटेमागे ‘सागर सम्राट’, मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधणारा तो तराफा. दोन बोटांएवढ्या जागेत त्याचे पाय, मनोरा, खालच्या लाटा, सगळं बारीक रेघांनी उभं केलं आहे. त्या काळात त्याच एका रुपयात कटिंग चहा मिळत असेल, आणि चहावाल्याच्या गल्ल्यातली नोट घामाने मऊ झालेली, बंडलाच्या पिनांनी टोचलेली असायची. पण तिच्यावरचं चित्र देश काय करतोय ते सांगणारं होतं, काय होता ते नाही. लेखकाने या मालिकेला पुस्तकात थोडकीच पानं दिली आहेत आणि नाण्यासारखी दिसणारी १९१७ ची नोट मात्र पानभर मोठी करून छापली आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांचे आभार मानतो. पहिलीबद्दल आमचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत ते मिटू नये असा माझा प्रयत्न राहील.